झाडं लावली, पण कुठली?

पावसाळा तोंडावर आला की एनएसएसच्या ग्रुपवर मेसेज पडतोच : 'रविवारी टेकडीवर वृक्षारोपण, टोपी आणा.' किती रोपं, तेही ठरलेलं असतं. आकड्यांची हौस सरकारलाही आहे. २०१६च्या १ जुलैला २ कोटी, मग ४, मग १३ आणि २०१९ला थेट ३३ कोटींचं टार्गेट! शहरातलं झाड तोडायचं तर २०२१च्या कायदादुरुस्तीनुसार त्याचं जितकं वय, तितकी नवी रोपं लावायची. म्हणजे ६० वर्षांचा वड गेला की ६० रोपं. पण ती कसली, हे विचारतं कोण?

पुण्याच्या टेकड्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी बहर येतो, रीलवाल्यांची गर्दी होते. तो बहर ग्लिरिसिडियाचा. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. फांदी खोचली तरी जगतं, भराभर वाढतं, म्हणून लावणाऱ्यांना सोयीचं. मराठीत त्याला उंदीरमारी म्हणतात, यावरून काय ते ओळखा. बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते उत्तमच, उगाच शिव्या कशाला द्या? पण अख्खी टेकडी त्याचीच झाली की बाकीच्यांची पंचाईत होते.

कारण इथल्या किड्या-पाखरांचं इथल्या झाडांशी हजारो वर्षांचं जमलेलं असतं. उंबराचं परागीभवन त्याचीच एक चिमुकली गांधीलमाशी करते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन अंडी घालतं ती लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. ती झाडंच नसतील तर अळीने खायचं काय? आणि बहरच हवा असेल तर त्याच दिवसांत पळस, पांगारा, काटेसावरही फुलतात. त्यांच्यावर मैना, सूर्यपक्षी अक्षरशः तुटून पडतात. तोही रील करून बघा!

'देशी' म्हटलं की सगळीकडे वड-पिंपळ, हाही घोळच. सोलापूरकडच्या माळरानावर गवत हीच मूळची संपत्ती. तिथे लांडगा, चिंकारा राहतात. खड्डे खणून तिथे कडुलिंबाच्या रांगा लावल्या तरी नुकसानच. काही टेकड्यांवर तर वणवा आणि चराई थांबवली की जुन्या मुळांतून झाडं आपोआप फुटतात. पण त्याचा फोटो निघत नाही, ही अडचण!

यंदा टोपी घेण्याआधी सरांकडे रोपांची यादी मागा. धावडा, आपटा, बहावा, बेल त्यात आहेत का बघा. आणि मार्चमध्ये पाणी घालायला कोण जाणार, तेही त्याच ग्रुपवर विचारा.