पागेचे दार पालिकेच्या शाळांना उघडा

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची सुमारे २११ एकर जमीन सार्वजनिक आहे. काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. या जमिनीबाबतच्या २०२४च्या तोडग्यात १२० एकर उद्यानाला मिळाली, ९१ एकर रेस क्लबाकडे राहिली. उद्यानावर वाद भरपूर झाले. पण उरलेल्या जागेतल्या घोड्यांपर्यंत पालिकेच्या शाळेतले मूल कधी पोहोचेल का, हेही विचारायला हवे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराच्या मालकीच्या तबेल्यात १९९४ पासून ‘वर्क टू राइड’ ही संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांना घोडेस्वारी शिकवते. बदल्यात मुलांनी लीद काढायची, खरारा करायचा, दाणापाणी बघायचे आणि शाळेतले मार्क घसरू द्यायचे नाहीत. २०११मध्ये या मुलांनी राष्ट्रीय आंतरशालेय पोलो स्पर्धा जिंकली. सर्व खेळाडू कृष्णवर्णीय असलेला तो पहिला विजेता संघ. त्यातला करीम रॉसर पुढे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात गेला आणि २०१५मध्ये तिथल्या विजेत्या संघातही खेळला.

एका चषकाने वस्तीची गरिबी हटत नाही, हे कबूल. चषक मला गौणच वाटतो. खुरात अडकलेला खडा काढताना घोडा पाय झटकतो. तिथे दमदाटीचा उपयोग नसतो, खांदा टेकवून थांबावे लागते. ही शिस्त अभ्यासालाही उपयोगी पडते. शिवाय कॉलेजची, शिष्यवृत्तीची वाट ठाऊक असलेली माणसे पागेत भेटतात. गरीब घराला पैशाइतकीच चणचण अशा ओळखींची असते.

घोडा हा श्रीमंतांचा शौक, तेवढ्या खर्चात शंभर पोरे कबड्डी खेळतील, असे कोणी म्हणेल. नवे घोडे विकत घ्यायचे असते, तर मीही तेच म्हटले असते. पण घोडे आहेतच, त्यांचा दाणाही रोज लागतोच. प्रश्न आठवड्यातल्या काही मोकळ्या तासांचा आणि शिकवणाऱ्याचा आहे. त्याहून गंभीर आक्षेप बालमजुरीचा. गरिबाच्या मुलाने लीद काढायची आणि क्लबाच्या सभासदाच्या मुलाने नुसते खोगिरावर बसायचे, असे होणार असेल, तर ही योजना नकोच. पागेतली कामे दोघांनाही सारखी असावीत, शाळेची वेळ पाळावी, हेल्मेट आणि विमा क्लबाने द्यावा.

रेस क्लबाच्या आणि रायडिंग क्लबांच्या सभासदांनो, येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा. नागरिकांनो, आपल्या आमदाराला आणि नगरसेवकाला पत्र लिहा: त्या ९१ एकरांच्या बदल्यात पालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी आठवड्याचे ठरावीक तास लेखी मागून घ्या.