गल्ल्यापलीकडचं नाशिक

नाशिकमधलं ऐतिहासिक टी-रूम कुठे आहे, असं कुणी विचारलं तर नाशिककर आधी हसेल आणि मग मिसळीचा पत्ता देईल. मुंबईकराला हा प्रश्न अवघड जात नाही. त्याच्याकडे धोबी तलावावरची १९०४ची कयानी आहे, ग्रँट रोडच्या मेरवानच्या मावा केकच्या आठवणी आहेत. पुणेकर १९३५च्या गुडलककडे बोट दाखवतो, आणि कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांगेत उभं राहणं हे तर तो कर्तव्यच समजतो. आपल्याकडे इराणी हॉटेलांची तशी रांग नव्हती. नाशिकचा इतिहास म्हटला की रामकुंड, काळाराम, सरकारवाडा. हॉटेलात बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं आपल्या वडीलधाऱ्यांचं स्पष्ट मत होतं. संध्याकाळी ते स्वतः मात्र हमखास तिथेच सापडत.

आमचा यंदाचा दिवाळी अंक या वाया गेलेल्या वेळावर आहे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाचं ताट आणि अंक एकत्रच येतात. त्यामुळे खाण्यावरचा अंक काढणं सोपं, असं आम्हाला वाटलं होतं. पण मजकूर हाती यायला लागला तसं लक्षात आलं की बहुतेकांनी चवीवर लिहिलंय. बुधा हलवाईची जिलबी, भगवंतरावांची मिठाई, सायंतारा साबुदाणा वडा, कोंडाजीचा चिवडा, साधनाची चुलीवरची मिसळ: वाचताना भूक लागते, हे खरं. पण टेबलाच्या या बाजूला कोण बसलं होतं, त्या बाजूला कोण उभं होतं आणि दाराबाहेर कोण होतं, हे त्यात नव्हतं. ते लिहून द्या, अशी पुन्हा विनंती केली. अंकाला उशीर झाला तो त्यामुळे. (छापखान्याला दोष देण्याची प्रथा आम्ही यंदा मोडतो आहोत.)

नाशिक हे यात्रेचं गाव. १८८९ मध्ये इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती मेन रोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत धावायची. गाडीतून उतरलेला यात्रेकरू ट्रामने गावात यायचा आणि आपल्या उपाध्यांचं घर शोधायचा. तिथे वही उघडली जायची. पणजोबा कधी आले होते, कोणत्या गावचे, कोणत्या कुळाचे, सगळं त्या लांबट वहीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं. मग उतरण्याची नि जेवणाची सोय त्या हिशोबाने लागायची. ज्याला असं घर नव्हतं, किंवा ज्याला आपलं कूळ सांगून जेवायचं नव्हतं, त्याने कुठे जावं? पैसे दिले की ताट मिळतं, ही सोय अशा माणसाला हवी होती. हॉटेलाला ‘आपण कोण?’ असं विचारण्याचं कारण नसतं. निदान नसायला हवं होतं.

विचारलं मात्र गेलं. चहा आणि पाव या आज अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी, पण महाराष्ट्रात त्यांच्यावरून धर्म बुडत असे. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागायचा. म्हणूनच ती सभा गुप्त होती, आणि सभासदांची यादी फुटली तेव्हा तीही मोडली. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. ती कुणी घेतली आणि कुणी नुसताच कपाला हात लावला, यावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आज रविवारी सकाळी आपण काळ्या मसाल्याच्या रश्श्यात पाव बुडवतो, वर तर्री मागून घेतो, शेवटी जिलबीही खातो, आणि तो पाव कुणाच्या भट्टीतून आला हे विचारत नाही. दीडशे वर्षांत एवढं झालं. थोडं नाही.

पण हे भांडण सवर्णांचं आपसातलं होतं. ज्याला कपच वेगळा ठेवलेला असायचा, त्याच्यासाठी प्रश्न निराळा होता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं सत्यसुधारक. दलिताच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा शाहू महाराज भाऊसिंगजी रोडवर आपली गाडी थांबवून तिथला चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजाने प्यायल्यावर बरोबरच्यांची काय बिशाद! हेच शाहू महाराज १९२० साली नाशिकला उदोजी मराठा बोर्डिंगच्या कोनशिलेसाठी आले होते. पुढे दहा वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, याच गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागे हजारो माणसं चालत आली आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला. दार काही त्या काळात उघडलं नाही.

त्या सत्याग्रहावर भरपूर लिहिलं गेलंय, ते योग्यच. आम्हाला दुसरीच गोष्ट विचारायची आहे. हजारोंनी आलेल्या त्या माणसांना नाशिकच्या बाजारात चहा कुठे मिळाला असेल? राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असं स्वच्छ लिहावं लागलं, ते हौसेने नव्हे. आपल्या विहितगावचे बाबूराव बागूल यांनी १९६३च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहात खोलीसाठी जात लपवणाऱ्या माणसाचं जिणं मांडलं. पंधरावं कलम होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

चहा घरोघरी कसा पोचला, तेही थोडक्यात सांगायला हवं, कारण आपण तो आपला प्राचीन वारसा समजून बसलोय. १९०३ मध्ये सरकारने चहाच्या निर्यातीवर कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे स्टेशनांवर पाट्या लागल्या, गावोगाव फुकट चहा पाजून तो कसा करायचा ते दाखवलं गेलं. पुढे पानाचा चुरा करणारं सीटीसी यंत्र रुळलं, तेव्हा थोड्या पत्तीत जास्त कप निघू लागले आणि कटिंग सर्वांना परवडू लागलं. आलं, वेलदोडा आणि साखर ही आपली भर. कंपन्यांना हा उकळलेला प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्यांचं कुणी ऐकलं नाही हे उत्तम झालं.

आता बेकरी. जुन्या नाशकात दिवाळीच्या आधी एखाद्या भट्टीपाशी दुपारी उभं राहून बघावं. बायका घरचं तूप, रवा, मैदा, पिठीसाखर घेऊन येतात. काहींनी घरी मळून आणलेलं असतं, काही जणी तिथेच कारागिराच्या पुढ्यात डबे ठेवतात आणि त्याच्या हाताकडे एकटक पाहत राहतात, आपलं तूप दुसरीच्या नानकटाईत जाऊ नये म्हणून. पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडले जातात, प्रत्येकावर बोटाने खळगी आणि त्यात पिस्त्याची कातरण. ट्रेच्या कडेला खडूने आकडा किंवा नाव. लांब दांड्याच्या फळीने ट्रे भट्टीत सरकतो, आणि ज्याच्या अंगावर ती धग येते त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला असतो. भाजणावळ किलोवर. भट्टी अनेकदा मुसलमान मालकाची, नानकटाईची पद्धत सुरतेच्या डच आणि पारशी बेकऱ्यांमधून आलेली म्हणतात, आणि ती मांडली जाते लक्ष्मीपूजनाच्या ताटात. याच्यावर व्याख्यान देण्याची गरज कुणालाच वाटत नाही. खाली लागलेली एखादी करपली तर मात्र भांडण होतं.

या कारागिराचं नाव काय? पाटीवर मालकाचं असतं, फार तर त्याच्या वडिलांचं. गल्ल्यामागे हार घातलेला फोटोही त्यांचाच. पीठ मळणारा, कढईपाशी उभा राहून आयुष्य काढलेला आणि फडकं मारत फिरणारा पोऱ्या, यांना ‘ए, इकडे ये’ एवढंच नाव. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवायला बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे आपण ज्या जुन्या हॉटेलांच्या आठवणींनी गहिवरतो, त्या बहुतेक आठवणींत एक लहान मुलगा ग्लास विसळतो आहे. तो आठवणीत दिसत नाही, कारण तेव्हाही आपण त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

२०२७च्या सिंहस्थाची तयारी चालली आहे. रस्ते रुंद होणार, जुने वाडे तर दर पावसाळ्यात आपले आपणच उतरतात. वाड्याच्या तळमजल्यावरचं हॉटेल वाड्याबरोबर जातं. ते जसंच्या तसं राखा, अशी मागणी आम्ही करणार नाही. धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला ती मागणी ऐकवावी असं वाटत नाही. ‘हेरिटेज’ म्हणून नव्या इमारतीत जुनी पाटी टांगायची आणि चहाचे शंभर रुपये घ्यायचे, हा प्रकार तर मुळीच नको. मळ्यात झुले टांगून मिसळ देणाऱ्या नव्या जागांवरही आमचा राग नाही. तिथे निदान पार्किंग मिळतं.

सर्वांत चांगली मिसळ कोणाची, याचा निकाल अंकात सापडणार नाही. संपादकाला याच गावात राहायचं आहे.

एक विनंती मात्र आहे. लक्ष्मीपूजनाला दुकानात नव्या वह्या येतात आणि जुन्या रद्दीत जातात. उपाध्यांच्या वह्या जपल्या गेल्या, कारण त्यांत कुळं होती. हॉटेलाच्या उधारीच्या वहीत चहा, भजी, अर्धी मिसळ आणि कुणाकुणाची नावं असतात, शेवटच्या पानांवर कामगारांची उचल आणि खाडे असतात. तुमच्याकडे अशी वही असेल, बंद पडलेल्या हॉटेलची असली तरी, तर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी आम्हाला दाखवा. तिची चित्रप्रत काढून वही तुमची तुम्हाला परत करू. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी आतापासून राखून ठेवली आहेत.