परसातल्या तांबड्या भाजीत काय उतरते? गोव्याच्या मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य, यांस


खाण खाते आपल्याकडे आहे, साखळी आपला मतदारसंघ आहे आणि पेशाने आपण वैद्य आहात. डिचोली-सत्तरीच्या शेतांत पावसाळ्यात लाल पाणी कुठून उतरते आणि मातीतले अन्नात कसे जाते, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच विचारतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये आपण ‘स्वयंपूर्ण गोवा’ची हाक दिलीत. बेळगावहून येणाऱ्या भाजीवर आपण किती अवलंबून आहोत, हे टाळेबंदीत सगळ्यांनीच पाहिले होते. हाक योग्यच होती. पण शिरगाव, मुळगाव, अडवलपाल, पिसुर्ले इथे खाणमातीच्या डंपखाली ज्यांची शेते आहेत, त्यांनी ती कशी ऐकायची? तांबडी भाजी, मुळा, अळसांदे लावा म्हणण्याआधी तिथली माती कोणी तपासली? निकाल कुठे लावले आहेत?

मृदा आरोग्य पत्रिका दिली आहे, असे उत्तर येईल. ती पत्रिका आम्ही वाचली आहे. तिच्यात बारा घटक असतात, लोह आणि मँगनीजसुद्धा. पण ते पिकाला कमी पडत नाहीत ना, एवढेच बघायला. जास्त झाले तर काय, हा प्रश्न त्या कागदाला पडतच नाही. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांना तर रकानाच नाही. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती उपसून जिथे डोंगर रचले, तिथल्या शेतकऱ्याला ‘लोह पुरेसे आहे’ असे लिहून देणे ही तपासणी की थट्टा?

यातले शास्त्र काही गुपित नाही. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी; अशा मातीत बरेच धातू विरघळून मुळांच्या हाती लागतात. शेतात पाणी तुंबून मातीतली हवा संपली, की मँगनीज आणखी सुटे होते. कॅडमियम पानापर्यंत चढते. शिसे बहुतेक मुळातच अडते, पण रस्त्यावरची धूळ पानावर बसते ती वेगळीच. धूळ धुतल्याने जाईल, पानाच्या आत शिरलेले जाणार नाही. पालेभाज्या आणि मुळ्यासारखी पिके धातू अधिक साठवतात, भेंडे-दोडकी सहसा कमी. म्हणजे कोणत्या शेतात काय लावू नये, कुठे चुना टाकून आम्लता उतरवावी, एवढे जरी सांगितले असते तरी लोकांनी ते ऐकले असते. सांगायला मोजमाप लागते, आणि आमच्या समोर आजवर मोजमाप ठेवलेले नाही.

पालेभाजीत शिसे किलोला ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे कोडेक्सचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पिण्याच्या पाण्यातल्या मँगनीजला भारतीय मानकाने लिटरला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. भाजीतल्या मँगनीजला मात्र कोडेक्सचीही मर्यादा नाही. मग आपले अधिकारी ‘मर्यादेत आहे’ म्हणतील तेव्हा ती कोणती मर्यादा समजायची?

जपानच्या जिंझू नदीकाठी कामिओका खाणीचे कॅडमियम भातात उतरले. ते खाऊन लोकांना जडलेल्या आजाराचे मूळ खाणीच्या प्रदूषणात आहे, हे तिथल्या सरकारने मान्य करायला १९६८ उजाडले, आणि शेतांतली माती पालटण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. ती खाण जस्ताची, आपली लोखंडाची. तुलना ताणत नाही. पण आपल्याकडे काय आहे ते न मोजताच ‘आपले तसे नाही’ म्हणणे आम्हाला पटत नाही.

त्याच २०१२ साली गोव्याच्या खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. यंत्रे वर्षानुवर्षे उभी होती. शेतांतला गाळ काढायला, मातीचे नमुने घ्यायला याहून निवांत वेळ कधी मिळणार होता? लिलाव मात्र डिसेंबर २०२२ पासून वेळेवर झाले. २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकातून खनिज निघूही लागले. घरे, देवळे, शेती लिजातून वगळा म्हणणारे मुळगावकर अजून म्हणतच आहेत.

पैसा नाही, असे आपण म्हणू शकत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, ते खाणबाधितांसाठीच. त्यातला किमान ६० टक्के पैसा पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण अशा कामांवर खर्च व्हावा, असे केंद्राच्या योजनेने तेव्हाच सांगितले होते. त्यातले किती रुपये शेतातल्या मातीच्या आणि भाजीच्या तपासणीवर गेले? गावनिहाय आकडा द्यावा. शून्य असेल तर शून्य लिहावे.

पावसाळा सरला की भाजीचे वाफे तयार होतात. त्याआधी खाणपट्ट्यातल्या प्रत्येक पंचायतीतून माती, विहिरीचे पाणी आणि भाजी यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाणार का, आणि निकाल पंचायतीच्या फलकावर लागणार का? हो की नाही, ते आपल्या सहीनिशी कळवावे.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक नागरिक