कपाटाची फळी आणि हवेतले पाणी

घरासाठी लाकडी कपाट करायचे ठरले की ग्राहकाशी होणारी बहुतेक चर्चा दर्शनी भागाची, म्हणजे सनमायकाचा रंग, हँडलचा आकार आणि दारे सरकती की बिजागरीची यांची असते. फळीवर किती भार येणार आणि लाकूड वर्षभरात किती फुगणार व आकसणार, हे कपाटाचे आयुष्य ठरवणारे दोन प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच येतात. त्यांची पुरेशी अचूक उत्तरे करवत चालवण्यापूर्वी कागदावर मिळू शकतात आणि ती तशी मिळवणे हा सुतारकामाचाच भाग मानला गेला पाहिजे.

लाकूड भोवतालच्या हवेतील बाष्प घेत आणि सोडत राहते आणि काही काळाने त्यातील पाण्याचे प्रमाण हवेशी जुळून स्थिरावते. या प्रमाणाला समतोल जलांश म्हणतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना तो सुमारे ६ टक्के, तर ८५ टक्के असताना १७ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि विदर्भातला मे महिना व कोकणातला जुलै महिना यांत जवळजवळ एवढेच अंतर असते. या बदलाने फळीची लांबी फारशी बदलत नाही. बदलते ती रुंदी, आणि तीही ओंडका कसा चिरला आहे त्यावर अवलंबून असते. सागवानात वर्षवलयांना समांतर चिरलेली फळी त्रिज्येच्या दिशेने चिरलेल्या फळीच्या दुपटीहून अधिक हलते. जलांश ८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेला तर ४०० मिलिमीटर रुंदीची पहिल्या प्रकारची फळी सुमारे ६ मिलिमीटर वाढते, तर दुसऱ्या प्रकारची ३ मिलिमीटरपेक्षा कमी. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांत गणले जाते हे लक्षात घेतले, तर इतर लाकडांच्या रुंद फळ्या चारही बाजूंनी सरस लावून अडकवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

चौकट आणि पॅनेल ही जुनी रचना याच अडचणीवरचे उत्तर आहे. चौकटीच्या अरुंद पट्ट्या कुसू आणि खाच यांच्या सांध्याने, म्हणजे एका पट्टीचे बारीक केलेले टोक दुसरीच्या खाचेत बसवून, पक्क्या केल्या जातात, आणि रुंद पॅनेल चौकटीच्या आतल्या खोबणीत सरस न लावता मोकळे ठेवले जाते. येथे कामाचा महिना विचारात घेणे आवश्यक आहे, आणि नेमकी हीच बाब बहुतेक ठिकाणी सुटते. कोरड्या उन्हाळ्यात बसवलेले पॅनेल पुढे फुगणार असल्याने खोबणीत दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते; भर पावसाळ्यात बसवलेले पॅनेल पुढे आकसणार असल्याने जागा नाममात्र पुरते, पण कड खोबणीतून बाहेर पडू नये इतकी खोबणी खोल असावी लागते. पॉलिशही पॅनेल बसवण्यापूर्वीच करावे, अन्यथा हिवाळ्यात कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते. पॉलिशने बाष्पाची ये-जा मंदावते, थांबत नाही.

प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांचे तंतू काटकोनात असल्यामुळे रुंदीचा हा प्रश्न बराचसा मिटतो. म्हणूनच कपाटाच्या सांगाड्यासाठी प्लायवूड आणि दारांच्या चौकटीसाठी भरीव लाकूड ही विभागणी आजच्या घरांना सर्वांत योग्य आहे. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी भारतीय मानक ३०३ आणि मरीन प्लायवूडसाठी ७१० आहे. ७१० चा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, तर ३०३ मधील एमआर म्हणजे ओलावारोधक प्रतीला अशी उकळण्याची कसोटी नसते. सिंकखालचे किंवा न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेले कपाट एमआर प्रतीत करणे ही काटकसर नव्हे, तर पुढच्या दुरुस्तीची तरतूद आहे. बाहेरून सनमायका लावलेल्या दाराला आतून काहीच न लावल्यास दोन बाजू वेगवेगळ्या गतीने बाष्प घेतात आणि दार वाकते, त्यामुळे आतून निदान पातळ लायनर तरी हवाच.

फळीच्या बाबतीत तर गणित अधिकच कठोर आहे. पुस्तकांनी भरलेल्या एक मीटर फळीवर साधारण ३० किलोचा भार येतो. असा भार सर्वत्र सारखा पसरलेला असताना फळीचा झोल आधारांमधील अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या घनाने कमी होतो. म्हणजे ६०० मिलिमीटरचे अंतर ९०० केले की झोल दीडपट न होता पाचपट होतो, आणि १८ मिलिमीटर जाडीऐवजी २५ घेतली तरी तो जेमतेम पावणेतीनपट कमी होतो. झोलावरचा खरा उपाय म्हणून मध्ये उभा आधार घेणेच बरे. तो नको असेल तेव्हा ३०० मिलिमीटर खोलीच्या १८ मिलिमीटर फळीच्या पुढच्या कडेला ४० मिलिमीटर उंचीची भरीव पट्टी उभी चिकटवली, तर फळीचा ताठपणा दुपटीहून अधिक होतो, आणि प्लायवूडची उघडी कडही झाकली जाते. प्लायवूड कापताना वरच्या थराचे तंतू फळीच्या लांबीला समांतर ठेवावेत. प्लायवूडच्या शीटमधून जास्त तुकडे निघावेत म्हणून ते आडवे कापण्याची पद्धत फळ्यांच्या बाबतीत तरी सोडली पाहिजे.

बिजागऱ्यांविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. सांगाडा काटकोनात असेल तर त्या निमूट चालतात. हा काटकोन टिकवते ती मागची फळी, म्हणून ती बसवण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून सारखे करून घ्यावेत आणि ६ मिलिमीटरची का होईना, पण ती खोबणीत बसवावी, नुसती खिळ्यांनी ठोकू नये. भिंत आणि कपाट यांत बोटभर पोकळी आणि खाली ७५ ते १०० मिलिमीटर उंचीचा पाया ठेवला की भिंतीतली ओल आणि लादीवरचे पाणी थेट लाकडात शिरत नाही. सागवानाचा गाभा वाळवीला चांगले तोंड देतो, पण त्याच ओंडक्याच्या बाहेरच्या फिकट भागात तो गुण नसतो. तो भाग पायाच्या पट्ट्यांत वापरू नये.

यापुढे दरपत्रकात केवळ चौरस फुटाचा दर न लिहिता प्लायवूडचे मानक व प्रत, फळ्यांच्या आधारांमधील कमाल अंतर, आतला लायनर आणि मागच्या फळीची जाडी या चार गोष्टी नोंदवाव्यात, असा या मासिकाचा आग्रह आहे. स्वस्त दर देणाऱ्याशी चांगल्या कारागिराची तुलना तेव्हाच रास्तपणे होऊ शकते, जेव्हा दोघांच्या कागदावर एकाच वस्तूचे वर्णन असते.