सरासरीमागे दडलेला जिल्हा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. विभाजनामागील युक्तिवाद सरळ होता : ठाणे दूर आहे, म्हणून मुख्यालय जनतेजवळ आणावे. या युक्तिवादात तथ्य नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. मोखाड्याच्या आदिवासीला एका दाखल्यासाठी ठाण्यापर्यंत खेटे घालावे लागत, ही वस्तुस्थिती होती. परंतु मुख्यालय जवळ आले म्हणजे सत्ताही जवळ आली, हा जो निष्कर्ष त्यातून बिनदिक्कत काढला गेला, तो तपासून पाहण्याची गरज आहे.

प्रथम आकडे पाहावेत. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत मिळून २९ लाख ९० हजार लोक राहत होते. क्षेत्रफळ ५,३४४ चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला सुमारे ५६० माणसे, असे उत्तर येते. शासकीय अहवालात ही सरासरी मोठ्या दिमाखाने छापली जाते. मात्र त्या सरासरीत जिल्ह्यातील एकही माणूस राहत नाही. एकट्या वसई तालुक्याची लोकसंख्या १३ लाख ४३ हजार, म्हणजे जिल्ह्याच्या शेकडा ४५. उलट जव्हारची १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची अवघी ८३ हजार. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ३७ च्या घरात. आणि या साऱ्यांचे मुख्यालय असलेले पालघर शहर सुमारे ६९ हजार वस्तीचे. वसई-विरार महानगर त्याच्या जवळजवळ अठरापट मोठे!

भूगोल आणखी बोलका आहे. पालघर हे मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरचे, पश्चिमेकडे कललेले गाव. रेल्वे नसलेल्या जव्हारच्या माणसाला विक्रमगड आणि मनोर ओलांडून तेथे यावे लागते. जव्हारला मुख्यालय करावे ही मागणी त्यामुळेच पुढे आली होती. दुसऱ्या टोकाला, वैतरणेच्या दक्षिणेस, वटारसारखे समुद्रकाठचे बागायती गाव आहे. तेथील शेतकऱ्याला नालासोपारा किंवा विरार गाठून, वैतरणा ओलांडून पालघरला जाता येते. मात्र त्याच्या केळीच्या आणि पानवेलींच्या बागांचे, त्याच्या विहिरींचे आणि बावखळांचे भवितव्य तेथे ठरत नाही.

ते ठरते कोठे? ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. वटारच्या पश्चिम पट्ट्यातील गावांनी तिला कडवा विरोध केला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत गावांची बाजू घेणारे विवेक पंडित निवडून आले. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला आणि २०२४ साली शासनानेच तो मागे घेतला. गावांचा प्रश्न साधा होता : ग्रामसभा गेली तर बागायतीच्या जमिनीविषयी कोण कोणाला विचारणार? पुढे २०२० साली महापालिकेची मुदत संपली आणि कित्येक वर्षे प्रशासकाने कारभार हाकला. ज्यांची ग्रामसभा काढून घेतली, त्यांना नगरसेवकही उरला नाही. २०१८च्या जुलैत वसई दिवसच्या दिवस पाण्यात बुडाली, तेव्हा बुजविलेल्या पाणथळींची किंमत साऱ्यांनाच मोजावी लागली.

वटारची जी गत, तीच सूर्या नदीच्या खोऱ्याची. सूर्या प्रकल्प डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतील १४,६९६ हेक्टर शेती भिजविण्यासाठी आखला गेला. त्याच धरणातून दररोज ४० कोटी ३० लाख लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे नेण्याची योजना राबविली गेली, ती मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने. नालासोपाऱ्याच्या चाळीत टँकरचे पाणी विकत घेणारा कामगार येथे आरोपी नव्हे. तोही याच व्यवस्थेचा बळी आहे. आधी पाण्याची सोय न करता इमारती उभ्या करू द्यायच्या, बिल्डरांनी नफा पदरात पाडून घेतला की तहानेचे निमित्त पुढे करून आदिवासींचे पाणी वळवायचे, आणि मग तहानलेल्यांना एकमेकांविरुद्ध उभे करायचे, ही भांडवली नगरविकासाची जुनीच रीत आहे.

मुख्यालयही या रीतीला अपवाद ठरले नाही. पालघर नवनगरासाठी ४४० हेक्टर शासकीय जमीन सिडकोच्या हाती सोपविण्यात आली. कार्यालये बांधून द्यायची आणि उरलेल्या जमिनीच्या विकासातून खर्च वसूल करायचा, असा हा सौदा. २०२१ साली भव्य इमारतींचे उद्‌घाटन झाले. इमारती देखण्या आहेत, यात वाद नाही. वाद आहे तो त्यांच्यात निर्णयाचा अधिकार किती आहे, याचा.

डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली : गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र. पालघरमध्ये जिल्हा हा खांब रंगविला गेला, पण त्यावर भार टाकलाच नाही. आणि गाव हा खांब तर वटारपाशी उपटूनच टाकला. घटनेच्या २४३ झेडडी कलमाप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. निर्वाचित संस्थाच बरखास्त असतील, तर हे कलम कागदावरच राहते आणि पालकमंत्र्यांची मर्जी तेवढी शिल्लक उरते.

२०२१ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरली आहे. तिच्यात वसईचा आकडा आणखी फुगेल आणि मोखाड्याचा वाटा आणखी आक्रसेल. केवळ डोकी मोजून निधी आणि पाणी वाटले गेले, तर डोंगरावरचा आदिवासी आणि किनाऱ्यावरचा बागायतदार दोघेही अल्पसंख्य म्हणून निकालात निघतील.

म्हणून मुख्यालय पालघरला असावे की जव्हारला, या वादात कार्यकर्त्यांनी आपली शक्ती खर्ची घालू नये. मागण्या वेगळ्या आहेत. सूर्येच्या पाण्याचे वाटप निर्वाचित जिल्हा नियोजन समितीपुढे खुलेपणाने व्हावे. लाभक्षेत्रातील शेवटच्या शेतापर्यंत पाणी आधी पोचावे. आणि महापालिकेत ओढलेल्या प्रत्येक गावाला आपल्या जमिनीविषयी स्वतंत्र मत नोंदविण्याचा हक्क परत मिळावा. वटारचा बागायतदार, नालासोपाऱ्याचा कामगार आणि मोखाड्याचा आदिवासी या मागण्यांवर एकत्र आले, तरच या जिल्ह्याला जनतेचा जिल्हा म्हणता येईल. तोवर पालघर हे कचेऱ्यांचे ठाणे राहील. फक्त पत्ता बदललेले.