जखम बांधणाऱ्या लेकराला घरानं काय द्यावं?

मिलिटरी आपल्या वस्तीला नवी नाही. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांतली माणसं पलटणीत होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बंदूक घेऊन उभा राहणारा फौजी कसा असतो, हे आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून आपण ऐकलेलं आहे.

आता आपली काही मुलं वेगळ्या वाटेनं फौजेत जातात. बारावीला सायन्स घेतलेला मुलगा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती होतो. मुलगी परीक्षा देऊन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये जाते, बी.एस्सी. नर्सिंग करून लेफ्टनंट होते. पत्र्याच्या घरातून निघालेली पोरगी खांद्यावर स्टार लावून येते, तेव्हा अख्ख्या वस्तीची छाती फुगते. फुगायलाच हवी. पण या पोरांचं काम नेमकं काय असतं, हे आपल्या घरांना फारसं माहीत नाही. माहीत नसल्यामुळे आपण नकळत त्यांच्यावर भार टाकतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की अभिमानाबरोबर घरानं थोडी समजही वाढवली पाहिजे.

आधी काम समजून घेऊ. प्रत्येक पलटणीबरोबर एक डॉक्टर आणि काही नर्सिंग असिस्टंट असतात. जवान जखमी झाला की पहिला हात यांचाच लागतो. रक्त थांबवायचं, श्वासाची वाट मोकळी ठेवायची, सलाईन लावायची आणि पुढच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला जगवायचं. सियाचीनसारख्या ठिकाणी गोळी न लागताही माणूस मरू शकतो. विरळ हवेत फुप्फुसात पाणी भरतं, मेंदूला सूज येते, थंडीनं बोटं काळी पडतात. तिथं ऑक्सिजन लावणारा, माणसाला वेळेत खाली पाठवणारा हाच पोरगा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा तिथं आपल्या फौजेनं दवाखाना उभा केला, तोही अशाच माणसांच्या जोरावर. आणि शत्रूचा जखमी सैनिक हाती लागला तरी त्यालाही उपचार द्यायचे, हा १९४९ च्या जिनिव्हा कराराचा नियम आहे. दुसऱ्याचं दुःख बघून त्याची जात, धर्म, देश न विचारणं हे या पोरांचं रोजचं काम आहे.

पण जो जखम बांधतो त्यालाही जखम होते, फक्त ती दिसत नाही. ज्याच्याबरोबर सकाळी चहा प्यायला, तोच दुपारी स्ट्रेचरवर येतो. वाचला तर ठीक. नाही वाचला तर "मी दोन मिनिटं आधी पोचलो असतो तर?" हा प्रश्न वर्षानुवर्षं डोक्यात फिरत राहतो. मिलिटरी हॉस्पिटलात काम करणाऱ्या मुलींचंही तसंच. पाय गेलेल्या विशीतल्या पोराला तो शुद्धीवर आल्यावर सामोरं जाणं सोपं नसतं.

आता घराकडं वळू. आपल्याकडं फोन लागला की आधी काय विचारलं जातं? पैसे कधी पाठवतो, भावाच्या गाडीचा हप्ता राहिलाय, बहिणीचं जमलंय, घराचा स्लॅब टाकायचाय. गरज खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. एका पगारावर चार घरं चालतात, हेही आम्हाला माहीत आहे. पण दर फोनला तेच निघालं, तर मुलगा फोन उचलायलाच कचरतो. पैशाचं बोलायला महिन्यातला एक दिवस ठरवून घ्या. बाकीचे फोन नुसते बोलण्याचे ठेवा. काय खाल्लं, झोप झाली का, थंडी किती आहे. वस्तीतल्या गमती सांगा. घर चालू आहे, हे त्याला ऐकू येऊ द्या.

दुसरी गोष्ट. सुट्टी मिळावी म्हणून "आई सिरियस आहे, लगेच निघ" असा खोटा निरोप पाठवायची पद्धत काही घरांत आहे. लग्न असतं, वास्तू असते, कधी जमिनीचा वाद असतो. ज्याचं कामच मरणाच्या जवळ आहे, त्याला असा निरोप देणं हे क्रूर आहे. शिवाय पुढं खरंच कुणी आजारी पडलं, तर त्याचा साहेब विश्वास ठेवेलच असं नाही.

तिसरी गोष्ट सुट्टीतली. पोरगा घरी आला की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते. कुणाला इंजेक्शन हवं, कुणाला सलाईन, कुणी बीपी तपासून मागतं. बीपी बघायला हरकत नाही. पण नर्सिंग असिस्टंट हा नोंदणी झालेला डॉक्टर नाही. घरात सलाईन लावणं, स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक देणं हे रुग्णाच्या जिवाला धोक्याचं आणि त्या पोराच्या नोकरीलाही धोक्याचं आहे. "तो सुट्टीवर आलाय, दवाखान्यात जा" हे सांगायचं काम आईबापांनी करावं. पोराला ते बोलताना संकोच वाटतो.

आणि मग ऐकण्याचं. "किती मेले? तू बघितलंस का?" असं चारचौघांत विचारू नका. तो सांगायला लागला तर मध्ये तोडू नका, "जाऊ दे, विसर" असंही म्हणू नका. "मर्दासारखा राहा" हे तर बिलकुल नको. जवळ बसा. त्याला काही सांगायचं नसेल तर गप्प बसलेलंही चालतं. काही गोष्टी सांगायला त्याला बंदी असते, म्हणून खोदून विचारू नये. आईच्या शेजारी बसून भाकरी खाताना जे निघतं, ते पुष्कळदा पुरतं.

काही खुणा मात्र ओळखायला शिकलं पाहिजे. रात्री दचकून उठणं, झोप न येणं, फटाक्याच्या आवाजानं घाम फुटणं, लहानसहान गोष्टीवर चिडणं, माणसं टाळणं, तीच तीच आठवण डोळ्यांपुढं येणं. यातलं काही महिनाभर टिकलं, किंवा दारू वाढली, तर ते स्वभावाचं खूळ समजू नये. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. "जगून काय करू" असं तोंडातून निघालं तर एक दिवसही थांबू नये. टेलि-मानस या सरकारी फोनसेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत या सेवेचा खास कक्षही सुरू झाला.

पुष्कळ पोरं उपचार टाळतात ते मेडिकल कॅटेगरी उतरेल, बढती अडेल या भीतीनं. भीती अगदीच खोटी नाही. पण कॅटेगरी उतरली तरी ठरलेल्या मुदतीनं पुन्हा तपासणी होते आणि बरं वाटल्यावर ती परत वर जाऊ शकते. लपवलेला आजार मात्र नोकरी, संसार आणि जीव तिन्ही खातो. अशा वेळी "नोकरीचं बघू, आधी तू बरा हो" हे वाक्य आईबापांच्या तोंडून आलं पाहिजे. त्या वाक्यानं जेवढा धीर येतो, तेवढा दुसऱ्या कुणाच्या बोलण्यानं येत नाही.

आईबापांनी स्वतःलाही सांभाळायचं आहे. मे २०२५ मध्ये सीमेवर लढाई पेटली, तेव्हा किती घरांत आया रात्र रात्र टीव्हीपुढं बसल्या. चॅनेलवर तेव्हा खऱ्याबरोबर खोट्या बातम्याही भरपूर आल्या. अशा दिवसांत बातम्या दिवसातून एकदाच बघा, बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नका, आणि पोरगा कुठं आहे हे व्हॉट्सअॅपवर टाकू नका. पोरं दूर असताना त्यांच्या मनाला लागलेला मोठा घोर आपल्याच तब्येतीचा असतो. म्हणून अवलंबित आईवडील म्हणून मुलाच्या रेकॉर्डला आपलं नाव लागलंय का, ते विचारून घ्या. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर डिपेंडंट कार्डावर मिलिटरी हॉस्पिटलात उपचार मिळतात. कागदपत्रांत अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

वस्तीलाही एक सांगणं आहे. पोरगा भरती झाला की बॅनर लागतो, डीजे वाजतो. त्याच उत्साहानं महिन्यातून एकदा फौजेतल्या पोरांच्या आईबापांनी विहारात तासभर एकत्र बसावं. ज्यांचा मुलगा दहा वर्षं नोकरीत आहे, त्या आईनं नव्या आईला चार गोष्टी सांगाव्यात. वस्तीतल्या निवृत्त फौजींनी कागदपत्रांना मदत करावी. याला खर्च काही नाही.

आपली पोरं दुसऱ्यांच्या लेकरांना मरणाच्या दारातून ओढून आणतात. ती घरी येतील तेव्हा त्यांच्याकडं आल्या आल्या काही मागू नका. आधी त्यांना पोटभर जेवू द्या आणि शांत झोपू द्या.