निकेलचें काम व तुपाचें नांव

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत कापूस व सोयाबीन पिकतात. सरकीचें व सोयाबीनचें तेल स्वभावतः पातळ. तें शुद्ध करून तापवावें, त्यांत निकेल धातूची बारीक पूड मिसळावी व दाबाखालीं हायड्रोजन वायु सोडावा, म्हणजे तेंच तेल तुपासारखें थिजतें. निकेल येथें उत्प्रेरक होय. तो संयोग घडवितो, परंतु स्वतः खर्ची पडत नाहीं, व शेवटीं गाळून काढितात. निकेलच्या या गुणाच्या शोधाबद्दल साबात्ये या फ्रेंच शास्त्रज्ञास १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

शास्त्रानें अन्न नासविलें, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. येथें दोष दोन आहेत. तेल मऊ राहावें म्हणून क्रिया अर्धवट थांबविली, कीं ट्रान्स फॅट नांवाचा हृदयास घातक मेद उत्पन्न होतो. म्हणून २०२२ पासून तेला-तुपांत त्याचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये, असा आपल्या देशांत निर्बंध आहे. दुसरा दोष नांवाचा. ज्यांत दुधाचा थेंब नाहीं त्यास ‘वनस्पती तूप’ कां म्हणावें? खऱ्या तुपांतील त्याची भेसळ उघडकीस यावी म्हणून तर वनस्पतींत तिळाचें तेल मिसळण्याचा नियम करावा लागला!

निकेल आपलें काम चोख करितो. खोटें बोलतो तो मनुष्य. यास्तव विद्यार्थ्यांनीं घरच्या डब्यावरील मजकूर वाचून वडील मंडळींस समजावून सांगावा, व पालकांनींही तो कौतुकानें ऐकावा, एवढीच आमची विनंति.